मुरलीकाकांचा टाक

सगुणाकाकूच्या पत्राला मी एकोणीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं, आणि आता तिच्याच ओट्यावर उघड्या पायांनी उभा राहून तिच्याकडून डोक्याला फेटा बांधून घेत होतो.

"मान सरळ ठेव," ती म्हणाली. "पुस्तकात घातल्यासारखी खाली नको घालू."

"काकू, मला नाचता येत नाही."

"कुणाला येतं? हलगी नाचवती. माणसानं नुसतं आडवं यायचं नाही."

ही १९८७च्या धुळवडीची गोष्ट. कादवेच्या काठी आमचं शेवगेदरा नावाचं लहानसं गाव आहे. तिथं धुळवडीला वीर निघतात. ज्या घरातला पूर्वज कधीकाळी लढाईत पडला, त्या घराच्या देव्हाऱ्यात त्याचा टाक असतो. टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर ठोकून काढलेली मूर्ती. धुळवडीला दुपारी तो टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, तांबड्या फडक्यात बांधायचा, घरातल्या पुरुषानं तो छातीशी धरून होळीच्या राखेभोवती पाच फेरे नाचत घालायचे आणि नदीवर नेऊन वीराला आंघोळ घालून आणायची. गावात अशी पाच घरं होती. आम्हा कातकाड्यांचा वीर भिवाजीबाबा, खर्ड्याच्या लढाईत पडलेला. टाकावर घोडा होता, हातात उगारलेली तलवार होती.

तो मान आमचा दादा सांभाळायचा. त्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तो पुण्याला लेकीकडे गेला. उरलो मी. वय बावन्न, नाशिकच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. चार माणसांत चहा मागतानाही माझा आवाज फुटत नाही. दादानं निरोप धाडला, "तू गेला नाहीस तर दोनशे वर्षांत पहिल्यांदा आपला वीर घरी बसेल." म्हणून गेलो. खरं सांगायचं तर काकूसमोर जायची मला नाचण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

कारण ते पत्र. १९६८ साली आलेलं. काकू तिसरी शिकलेली, अक्षर मोठं आणि एकमेकांना धरून चाललेलं. तिनं लिहिलं होतं:

"चि. त्रिंबक यास आशीर्वाद. मी तुझ्या काकांचा टाक करून घेतला आहे. गावातली मंडळी त्यांना वीरांत घेत नाहीत. म्हणतात, पगारावर गेला, परमुलखात गेला, आणि खेचरं हाकत होता, त्याला वीर कसं म्हणावं. सोपानआण्णा म्हणाले, तुमचा त्रिंबक एवढी बुकं वाचतो, त्यानं लिहून दिलं तर आम्ही मानू. तरी तू लिहून दे. होय की नाही एवढंच लिही. मी वाट पाहते."

मुरलीकाका माझे धाकटे चुलते. १९४१ साली लष्करात भरती झाले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि काकू चौदा-पंधराची. ते खेचरांच्या पलटणीत होते. इटलीच्या डोंगरांत जिथं गाडी चढत नव्हती, तिथं खेचरांच्या पाठीवरून पाव आणि गोळ्या वर पोचवायचं काम. त्यांची पत्रं यायची. "माझ्या खेचरीचं नाव राणी ठेवलं आहे. स्वभावानं तुझ्यासारखी आहे," असं एकदा काकूला लिहिलं होतं. ती हे सांगताना अजून लाजायची. ४४ साली तार आली. पुढे येवल्याचा एक सोबती परत आला, त्यानं सांगितलं की डोंगराच्या वाटेवर तोफेचा गोळा पडला, मुरलीधर आणि राणी दोघंही गेली. तो राणीला सोडून पळाला नाही, की पळायला जागाच नव्हती, ते त्या सोबत्यालाही ठाऊक नव्हतं.

होय की नाही, एवढंच लिहायचं होतं. मी एकोणीस वर्षं ते लिहिलं नाही. काकूनंही पुन्हा विचारलं नाही. मी दिवाळीला जायचो, ती करंज्या वाढायची, आणि मी ताटातून मान वर काढायचो नाही.

फेट्याला शेवटचा पीळ देऊन काकू आत गेली. बाहेर येताना एका हातात भिवाजीबाबांची खोबऱ्याची वाटी होती, आणि दुसऱ्या हातात काळपट पडलेला एक पितळी डबा.

"हे बघ," तिनं डबा उघडला. कापसात एक टाक होता. घडवल्या दिवसासारखा कोरा. त्याला ना हळद लागली होती, ना पाणी. टाकावर एक माणूस उभा होता आणि त्याच्या शेजारी एक जनावर.

"हे... हे काय आहे काकू? ससा?"

"खेचर आहे! त्या सोनारानं जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणाला, गाढव काढू का? मी म्हटलं, काढ, पण जरा अब्रूचं काढ. कान तेवढे मोठे झाले."

मला हसू आलं, पण अर्ध्यातच विरलं. एकोणीस वर्षं हा टाक डब्यात होता. देव्हाऱ्यात नाही, वीरांत नाही. माझ्या एका शब्दासाठी.

"काकू, त्या पत्राचं..."

"आज पत्राचं नको. आज सण आहे." तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. पण टाक उचलून तिनं माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वर थोपटलं. "खिशातून तरी गाव पाहून येऊ दे त्यांना. कुणाला सांगू नको."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हलगी कडाडली.

मी आजवर हलगी लांबूनच ऐकली होती. जवळून ती कानांनी ऐकायची गोष्टच नाही. ती पोटात वाजते. किसन हलगीवाला, वाळक्या काठीसारखा माणूस, माझ्यासमोर येऊन वाकला आणि म्हणाला, "चला मास्तर! आज पुस्तक बंद!" मी मास्तर नव्हतो, पण चष्मा लावणारा प्रत्येक माणूस किसनच्या लेखी मास्तर होता. मी खोबऱ्याची वाटी छातीशी धरली आणि पायरी उतरलो. कुणीतरी मूठभर गुलाल माझ्या तोंडावर फेकला. चष्मा लाल झाला, गाव लाल झालं.

पहिली दहा पावलं मी चाललो. नुसता चाललो, बँकेत निघाल्यासारखा. बायका ओट्यांवरून हसत होत्या. "अगं बाई, कातकाड्यांचा वीर आज आजारी आहे का!" असं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. किसननं माझ्याभोवती एक गिरकी घेतली आणि ठेका बदलला. तो ठेका कसा होता ते मला आजही लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, की डावा पाय मला न विचारता उचलला गेला. मग उजवा. मग खांदे हलले, मग फेट्याचा शेमला पाठीवर फटके मारू लागला, आणि मला कळलं की आपण नाचतो आहोत. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. मला कुणीतरी पाहतंय याची शरम त्या क्षणी कुठं गेली ते देव जाणे. उलट वाटत होतं, बघा! बघा की!

होळीच्या मैदानात बाकीचे चार वीर येऊन थांबले होते. मधोमध राख, अजून कोमट. मी धापा टाकत पोचलो आणि राखेला नमस्कार करायला वाकलो. वाकलो आणि खिशातला टाक टपकन खाली पडला.

राखेच्या कडेला, सगळ्यांसमोर. लांब कान वर करून.

हलगी थांबली.

सोपानआण्णा गाडे पुढे आले. पंचाहत्तरीचे, पांढऱ्या गलमिशांचे, पाच घरांतले वडीलधारे. त्यांच्याच घरचा वीर सगळ्यांत पुढे असायचा. त्यांनी वाकून टाक उचलला नाही, नुसता काठीनं दाखवला.

"हे काय, त्रिंबक?"

"मुरलीकाकांचा टाक, आण्णा."

"ते दिसतंय. खिशातनं चोरून आणलास?"

मी वाटी आणखी घट्ट धरली.

"हे बघ बाबा," आण्णा शांतपणे म्हणाले, आणि ते शांत बोलले म्हणून जास्त लागलं. "मुरलीधर माझ्या बरोबरीचा. नदीत आम्ही संगं पोहलो. वाईट मला बी वाटतं. पण वीर म्हंजे वीर. तलवार घेऊन समोर जाणारा. खेचरं हाकणाऱ्याला नाचवलं, तर उद्या कोणी स्वयंपाकी आणंल, कोणी न्हावी आणंल. मी तुझ्या काकूला बोललो होतो, शिकलेल्या पोरानं लिहून द्यावं. तू दिलंस?"

"नाही."

"का न्हाई दिलंस?"

गर्दीत कोणीतरी हसलं. "त्यालाच पटलं नसंल!"

मी मान वळवली. आमच्या घराच्या बाजूला, मैदानाच्या कडेला, लिंबाखाली बायका उभ्या होत्या. त्यांच्यात काकू होती. कपाळावर हात धरून, उन्हातून माझ्याकडे पाहत होती. माझ्या लक्षात आलं की तिनंही हेच धरलं होतं. एकोणीस वर्षं. मी गप्प राहिलो, म्हणजे माझं उत्तर 'नाही' आहे, आणि लिहायची लाज वाटते म्हणून लिहीत नाही.

"पटलं होतं," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोल."

"पटलं होतं!" माझा आवाज फाटला. "पत्र आलं त्याच आठवड्यात मी पंचवटीत गेलो होतो, आपल्या तीर्थोपाध्यायांकडे. त्यांच्या वहीत आपल्या गावाची जुनी पानं आहेत. कोण गेलं, कसं गेलं, पोरांनी येऊन लिहवून ठेवलेलं. मला वाटलं, भिवाजीबाबांचं काय लिहिलंय ते बघावं, आणि तसंच मुरलीकाकांचं लिहावं. म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही."

"मग?"

"मोडीत होतं. मला मोडी येते."

"अरे, काय होतं ते सांग!"

ते वाक्य मला पाठ होतं. एकोणीस वर्षं मी ते झोपताना म्हणत आलो होतो. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "'भिवाजी बिन हिरोजी कातकाडे, लष्कराचे दाण्याचे बैल हाकावयास होता. खर्ड्याचे मुक्कामी गोळा लागोन ठार.'"

कुणाला काही कळलं नाही. मग किसनला कळलं.

"बैल?" तो म्हणाला. "म्हंजे घोडा न्हाई?"

"घोडा नाही. तलवार नाही. दाण्याच्या गोण्या लादलेले बैल." आता थांबणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. "टाक करणाऱ्यानं घोडा काढला, कारण सगळे घोडाच काढतात. म्हणून मी लिहिलं नाही, आण्णा! खेचरं हाकणारा वीर नाही असं तुम्ही म्हणता. मग मी हे सांगितलं असतं, तर तुम्ही मुरलीकाकांना आत घेतलं असतं, की भिवाजीबाबांना बाहेर काढलं असतं? मला ठरवता आलं नाही. एकाला आणायला जावं आणि दोघंही जावेत. मी भ्यालो. एवढंच आहे ते."

छातीशी धरलेल्या वाटीत भिवाजीबाबा होते, आणि मी त्यांचा घोडा भर मैदानात काढून घेतला होता. दादा काय म्हणेल? दोनशे वर्षांचा मान मी एका वाक्यात घालवला होता. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सगळे आण्णांकडे पाहत होते.

आण्णा माझ्याजवळ आले. अगदी जवळ. त्यांच्या मिशांना लागलेला गुलाल मला दिसत होता. त्यांनी माझा दंड धरून मला चार पावलं बाजूला नेलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"त्या वहीत... आमच्या बी पानावर काही होतं का?"

मी राखेकडे पाहिलं.

"पाहिलंस का न्हाई, खरं सांग."

"पाहिलं, आण्णा."

"काय व्हतं?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण जमेल का याची खात्री नसते, म्हणून मी सहसा बोलत नाही. "गवत," मी कुजबुजलो. "घोड्यांसाठी गवत कापायला गेले होते. तिथंच शत्रूच्या स्वारांनी गाठलं."

आण्णांचा हात माझ्या दंडावर तसाच राहिला. ते माझ्याकडे पाहत होते, पण मी त्यांना दिसत नसावा. मग त्यांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं म्हातारा रडतोय. तो हसत होता. आधी आतल्या आत, मग खांदे हलवत, मग इतक्या मोठ्यानं की डोळ्यांतून पाणी आलं आणि गुलालाचे ओघळ गालावर उतरले.

"ऐका रे!" ते माघारी वळून ओरडले. "ऐका! कातकाड्यांचा बाबा बैल हाकत व्हता. आणि आमचा बाबा, हा मास्तर सांगतो, गवत कापत व्हता! साठ वर्षं मी मिशीला पीळ देऊन त्याला पुढं नाचवतोय!"

मैदानात एकच गलका झाला. "काय सांगता आण्णा!" "आमचं काय रे त्रिंबक, आमचं काय लिहिलंय?" "नको, नको, आमचं नको सांगू!" कोणी हसत होतं, कोणी चिडलं होतं. एक जण तावातावानं म्हणाला, "मग सगळंच खोटं म्हणायचं का हे? वीरच न्हाईत म्हणायचे?"

"खोटं कसं?" आण्णा त्याच्यावर कडाडले. "मेले न्हाईत का ते? गवत आणलं नसतं तर घोडे काय खाणार व्हते, तलवारी? दाणा पोचला नसता तर तुझे तलवारवाले उपाशी पोटी काय लढले असते?" आणि बोलता बोलता ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आल्यासारखे. त्यांनी लिंबाखालच्या बायकांकडे पाहिलं.

मग तो पंचाहत्तर वर्षांचा माणूस गुडघ्यावर हात टेकत खाली बसला. त्यानं राखेच्या कडेचा टाक उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"कान लई मोठे झालेत," आण्णा म्हणाले, आणि टाक कपाळाला लावला.

माझ्या हातातली वाटी त्यांनी मागितली. फडकं सोडलं, आणि भिवाजीबाबांच्या शेजारी मुरलीकाकांना स्वतःच्या हातानं ठेवलं. पुन्हा गाठ मारली.

"सगुणावैनी!" त्यांनी लिंबाकडे हाक दिली. "चूक झाली आमची! मुरलीधर आज पुढं जाईल. गवतवाला मागनं येईल!"

काकूनं काय केलं ते मला दिसलं नाही. कारण किसननं हलगीवर असा काही हात टाकला की सगळं मैदान हललं. मी पाच फेरे घातले म्हणतात. मला एकच लांबलचक फेरा आठवतो, पायाखाली कोमट राख, बाजूला मिशा उडवत नाचणारे आण्णा, आणि छातीशी दोन टाक एकमेकांवर किणकिणतायत. नदीपर्यंत पाऊण मैल आहे. तो आम्ही नाचत गेलो. कादवेला गुडघाभर पाणी होतं. मी दोघांनाही एकत्र बुडवलं, आणि मुरलीकाकांच्या टाकावरून पहिल्यांदा पाणी गेलं.

घरी पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. काकूनं दारातच वीरांना ओवाळलं. दोन्ही टाक आत नेऊन तिनं देव्हाऱ्यात ठेवले, हळद-कुंकू वाहिलं, आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी ओट्यावर बसली. माझ्या तळपायांना फोड आले होते आणि मला ते कुणालातरी दाखवावेसे वाटत होते.

"काकू," शेवटी मी म्हणालो, "मला वाटलं होतं तुम्ही समजून घ्याल. मग वाटलं, नाही घेणार. मग इतका उशीर झाला की..."

"कार्ड आहे फळीवर. घेऊन ये."

"कसलं कार्ड?"

"पोस्टाचं. मी दादाला लिहायला आणून ठेवलेलं. घे आणि लिही."

"काकू, आता काय लिहायचं? सगळ्या गावानं ऐकलं!"

"गावानं ऐकलं. मी गावाला विचारलं नव्हतं." तिनं पदरानं माझ्या चष्म्यावरचा गुलाल पुसला, आणि पुढचं तिनं रस्त्याकडे पाहत सांगितलं. "त्यांचं शेवटचं पत्र पोस्टानं आलं. ते गेले, हेही पोस्टमननंच येऊन सांगितलं, याच ओट्यावर, मी धान्य निवडत होते. तेव्हापासून त्यांच्या नावाचं या दारात काही आलं नाही. एकदा तरी चांगलं येऊ दे."

मी कार्ड घेतलं. मी पाकीट आणतो म्हटलं, तर नको म्हणाली. "कार्डच बरं. वाटेत चार जण वाचतील."

माझी बोटं गुलालानं भरली होती, कार्डावर ठसे उमटले. पत्ता लिहिला, श्रीमती सगुणाबाई मुरलीधर कातकाडे. मग जन्मभराच्या सवयीनं पेन थांबलं. 'माझ्या अल्प मतीप्रमाणे' असं लिहावं, 'उपलब्ध पुराव्यांवरून' असं लिहावं, असं बरंच काही मनात येऊन गेलं. तिकडे काकू आत जाऊन, मुद्दाम माझ्याकडे न बघता, चूल पेटवत होती.

मी लिहिलं, "ती. काकूस सा. न. आपले पत्र पावले. उत्तर, होय. आपला त्रिंबक."

लिहून झाल्यावर मी ते सवयीनं तिच्यापुढे धरलं. तिनं दोन्ही हात मागे घेतले.

"माझ्या हातात काय देतोस? टाक पेटीत."

पेटी चावडीच्या भिंतीला होती. मी तसाच निघालो, अनवाणी, फेटा गळ्यात आलेला. वाटेत किसन भेटला, म्हणाला, "मास्तर, आता कुठं?" मी कार्ड वर धरून दाखवलं. कार्डाचा मजकूर त्यानं चालता चालता वाचला आणि तोही माझ्यासोबत आला. पेटीचं झाकण गंजून बसलं होतं. त्यानं ते उचलून धरलं, आणि मी कार्ड आत सोडलं.